सुप्रजेनंतरचा पाट

विजयेंद्रने कॉफीच्या प्लास्टिक पिशवीचा दोरा दातांनी तोडला, वाफाळती कॉफी पेल्यात ओतली आणि उभ्या उभ्याच प्यायला लागला. विश्वेश बघत राहिला. आज या चुलतभावाच्या बायकोला, सुप्रजेला, सातव्या महिन्याच्या बांगड्या भरायच्या होत्या. घर पाहुण्यांनी भरलं होतं.

"अण्णा, तुम्हांस देऊं? ऊन ऊन आहे."

"नको. घरीं पिऊन आलों."

विश्वेशच्या हॉटेलात हल्ली डबा आणल्याशिवाय पार्सल मिळत नसे, म्हणून कॉफी कोपऱ्यावरून आली होती. तरुणपणापासून त्याने उकळतं सांबार पिशव्यांत भरून अर्ध्या कुंभकोणम्‌ला खाऊ घातलं, स्वतःही तेच खाल्लं. मग तंजावरच्या डॉक्टरांनी अहवाल बघून सांगितलं, शुक्राणू फार कमी आहेत. प्लास्टिकमधल्या रसायनांनी झालं असेल, नसेलही. गरम अन्नाला प्लास्टिक लावू नका. आवळा, टोमॅटो, अक्रोड खा. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देतो, कुणाकुणाला गुण येतो.

तेव्हापासून आवळे चावून चावून दात आंबले. आणि हा बँकेतला बहाद्दर! लग्नाआधी दोन्ही वेळा पिशवीतलंच जेवायचा, तरी याच्या घरी पाळणा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय? विश्वेशला त्याचा इतका हेवा वाटत होता की त्याची ढेकरसुद्धा सोसवेना.

अहवालाचं त्याच्या बायकोखेरीज, हरिणीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. दोष नवऱ्याचा आणि बोलणी तिला, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. ती बोलली नाही आणि त्यानेही कधी तिला सोडवलं नाही.

सुप्रजेचे हात कोपरापर्यंत भरले. ती उठली तशी विजयेंद्रची आई अंबाबाई हाक मारती झाली,

"हरिणी, ये गो. बैस ह्या पाटावर. पुढें तुझीच पाळी."

गरोदर बाई उठली की त्याच पाटावर मूल नसलेलीला बसवून बांगड्या भरायच्या, म्हणजे तिचीही कूस उजवते, अशी रीत. नात्यातल्या प्रत्येक सुनेनंतर हरिणी अशीच बसली होती. आताही ती मुकाट्याने बसली आणि तिने हात पुढे केला.

विजयेंद्र तिच्याकडे कीव येऊन बघत होता. ती नजर विश्वेशला सोसली नाही. याला सगळं मिळालं, वर आता माझ्या बायकोची कीव करायलाही हाच!

तो बायकांच्या घोळक्यातून वाट काढत पाटापाशी गेला.

"ऊठ हरिणी. ही जागा माझी."

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि ती उठली. तो पाटावर बसला.

"पुरुषास कोण बांगड्या भरतं रे?" अंबाबाई म्हणाली. "खुळा झालास काय?"

"उणें माझ्यांत आहे, काकू. तिच्यांत कधींच नव्हतं. औषध मीच घेतों."

विजयेंद्रने पेला खाली ठेवला. अंबाबाईने परातीतली सगळ्यांत मोठी बांगडी उचलली, त्याच्यासमोर बसली आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मूठ कशास आवळतोस?" ती हळू म्हणाली. "सैल सोड."