सुताराची पहिली कुपी

तिने द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीचे झाकण उचलले, वाफेचा पांढरा लोट ओसरू दिला आणि लांब दांडीला धरून सर्वांत तळचा डबा वर ओढला. डब्यावर विभागप्रमुख सरांच्या तिरप्या अक्षरात ‘सुतार – १’ असे लिहिलेले होते. आत पाच कुप्या असायला हव्या होत्या. चारच निघाल्या.

त्यांतली एक तिने थंड पेटीत ठेवली आणि मागे वळून दार लावलेले आहे ना, ते पाहिले. स्वतःच्याच प्रयोगशाळेत, भर दुपारी, पन्नाशीला टेकलेली एक प्राध्यापिका चोरासारखी वावरत होती. पण तिचाही नाइलाज होता.

सुतार हे तिथे माणसाचे नाव नव्हते, पेशींचे होते. बावीस वर्षांपूर्वी यकृताच्या कर्करोगाने गेलेल्या एका सुताराच्या गाठीतून सरांनी त्या काढल्या, बाटलीत वाढवल्या, आणि त्या वाढतच राहिल्या. त्यांच्यावर सरांचे नाव झाले, सरांच्या नावावर विभाग उभा राहिला आणि विभागाच्या आधाराने ती. वैद्यकीय महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर तिच्या फोटोखाली ‘संशोधनाचा विषय’ या रकान्यात एकोणीस वर्षे एकच ओळ होती: सुतार पेशी आणि यकृताचा कर्करोग. या काळात फोटो तीनदा बदलला. ओळ बदलली नाही.

महिन्यापूर्वी एका नियतकालिकाने नव्या शोधनिबंधासोबत पेशींच्या ओळखीचा दाखला मागितला. तिने नमुना बाहेर तपासायला पाठवला. अहवाल आला. पेशी सुताराच्या नव्हत्याच. त्या एका बाईच्या होत्या, फार पूर्वी वारलेल्या, जिच्या पेशी असंख्य प्रयोगशाळांत वाढतात आणि संधी मिळेल तिथे घुसतात. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशातली गत. एखादा थेंब चुकून पडला तरी पुरतो. काही महिन्यांत मूळ पेशी संपतात आणि बाटलीवर नाव तेवढे उरते.

तो थेंब कुणी पाडला हे तिला माहीत होते. तिनेच.

रुजू होऊन वर्ष होत आले होते आणि मुलीच्या वेळचा सातवा महिना चालू होता. एका दुपारी तिने शेजारच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या त्या बाईच्या पेशींना पोषकद्रव घातले आणि पेंगुळल्या डोळ्यांनी तीच बाटली, तीच नळी सुताराला वापरली. आठवडाभर तिला झोप नव्हती. शेवटी एका सोमवारी सरांसमोर उभी राहून तिने रडत सगळे सांगून टाकले. सरांनी ऐकून घेतले आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“राहू दे. काही झालं नसेल, आणि झालंच असेल तर ते आपल्या दोघांत. कुणाला सांगू नकोस. मी आहे ना.”

त्या ‘मी आहे ना’वर तिने पुढची सगळी वर्षे काढली. नवऱ्याची दुसऱ्या शहरात बदली झाली तेव्हा ती गेली नाही. तिथल्या महाविद्यालयाने दोनदा बोलावले, दोनदा तिने नाही म्हटले. ज्या माणसाने आपली चूक पोटात घातली त्याला सोडून जायचे कसे? मुलगीही शेवटी वडिलांकडेच शिकायला गेली. नवरा फोनवर म्हणायचा, “तुझं लग्न त्या सुताराशीच लागलंय, मी आपला वऱ्हाडातला पाहुणा.” ती हसायची. हल्ली त्याने ते म्हणणेही सोडले होते.

आणखी एक गोष्ट तेव्हापासून जडली होती. पेशींच्या प्रत्येक फ्लास्कला ती पोषकद्रवाची नवी बाटली उघडायची, नवे हातमोजे चढवायची, एकाच पेशींचे सहा फ्लास्क असले तरी सहा वेळा. विद्यार्थी पाठीमागे ‘मॅडमचं सोवळं’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होते.

पहिल्या डब्यातल्या कुप्या मात्र ती रुजू होण्याच्या आधीच्या होत्या. त्या अस्सल निघाल्या तर सरांची सुरुवातीची कामे तरी वाचतील, पुढच्या पापाचे माप आपल्या पदरात, एवढाच तिचा हिशेब होता. महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते. त्यांच्या वाट्याला निदान तेवढे तरी यावे, असे तिला मनापासून वाटत होते.

पाचवी कुपी कुठे गेली ते पाहायला तिने टाकीची जुनी नोंदवही काढली. पानाच्या तळाशी सरांच्याच हातची नोंद होती: ‘सुतार – १, एक कुपी, ओळख तपासणीसाठी बाहेर.’ पुढे तारीख होती. तिने बोटांवर महिने मोजले. तिच्या त्या सोमवारनंतरचा गुरुवार होता.

तपासायला पाठवलेल्या कुपीचा अहवाल दहा दिवसांनी आला. पहिल्या कुपीतही सुतार नव्हता. तीच बाई होती.

सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे काही वाटले नाही. सरांना हे त्या तपासणीपासूनच ठाऊक होते. तिला आयुष्यात पहिल्यांदा सरांचा संताप आला, आणि तो इतका मोठा होता की त्याचे काय करायचे ते तिला कळेना. रात्र तिने तशीच काढली. सकाळी संगणकासमोर बसून तीन पत्रे लिहिली आणि दुपारी सरांच्या खोलीत गेली.

खोलीत खोकी भरून ठेवली होती. कपाटातली पारितोषिके जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली होती. सर टेबलावर वाकून विभागाची यादी तपासत होते.

“ये, बरं झालं आलीस. संकेतस्थळाची माहिती आज द्यायचीय. तुझं गेल्या वर्षीचंच ठेवलंय.”

तिने दोन्ही अहवाल त्यांच्यासमोर ठेवले आणि त्यांवर नोंदवही उघडून ठेवली.

“पाचवी कुपी कुठे गेली, सर?”

सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, उजेडात धरल्या, पुन्हा पुसल्या. अहवालाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

“कधी काढलीस कुपी?”

“अकरा दिवस झाले.”

“हं.”

“म्हणजे माझ्या हातून काही बिघडलं नव्हतं.”

“तुझ्या हातून थेंब पडलाही असेल,” सर हळूच म्हणाले. “पण बिघडायला आत काही उरलंच नव्हतं. माझ्याच हातून गेलं होतं, अगदी सुरुवातीला. कसं, ते मलाही सांगता येणार नाही.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“सांगणार होतो. तुझी बाळंतपणाची रजा आली. मग पहिलं पारितोषिक आलं. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. आणि खरं सांगू? तू स्वतःला कामाला असं जुंपून घेतलंस. आपलं चुकलंय असं वाटणारा माणूस दुप्पट राबतो. तुला कळलं असतं, तर तू गेली असतीस.”

“गेले असते.”

“म्हणूनच,” सर म्हणाले.

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेले. त्याचे एक चाक करकरत होते.

“मी तरी कुठे सुटलो? रोज त्या टाकीजवळून जायचो,” सर म्हणाले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी नोंदवही मिटली. “महिनाअखेरीला निरोप आहे. तेवढं पार पडू दे. मग तुला काय करायचं ते कर.”

तिच्या जिभेवर एक वाक्य आयते येऊन उभे राहिले: राहू द्या सर, ते आपल्या दोघांत, मी आहे ना. किती सोपे होते म्हणायला. म्हटले असते तर हा म्हातारा उरलेले आयुष्य तिच्या शब्दाबाहेर गेला नसता. तिने ते वाक्य गिळले.

“तिन्ही संपादकांना पत्रं सकाळीच गेली. आपले सगळे निबंध मागे घ्या म्हणून. दोन्ही अहवाल जोडलेत,” ती म्हणाली.

“माझ्या नावानिशी?”

“दोघांच्याही.”

सवयीने सरांनी यादी पुढे ओढली, पेनाचे टोपण काढले आणि तिच्या नावावर बोट ठेवले.

“मग इथं काय लिहू?”

“रिकामं ठेवा.”

ती प्रयोगशाळेत परतली तेव्हा चार वाजले होते. पेशींना पोषकद्रव घालायची वेळ झाली होती. कुणाच्याही असल्या तरी भुकेल्या होत्या. तिने नवऱ्याला फोन लावला आणि ‘रविवारी येते, बोलायचंय’ एवढेच सांगितले. त्याने विचारले, “किती दिवस राहशील?”

“बघू,” ती म्हणाली.

मग तिने सहा फ्लास्क बाहेर काढून ओळीने मांडले. सहांवरही सुताराचे नाव होते आणि सहांतही तीच एक बाई होती. मिसळायला आता दुसरे कुणी उरलेच नव्हते. तिने बाटली उघडली, पहिल्या फ्लास्कला पोषकद्रव घातले, हातमोजे उतरवून टाकले, नवे चढवले आणि दुसऱ्या फ्लास्कसाठी नवी बाटली उघडली.