ओव्यांवर उतरलेली धार

रुख्मिणीची दारू ओव्यांवर उतरायची. हसू नका. बडनेऱ्याजवळच्या त्या गावात घड्याळ कुणाच्या बापानं पाहिलं नव्हतं, आणि मोहाच्या भट्टीला सूर्य कामाचा नाही. तो फार सावकाश चालतो. म्हणून सासूनं शिकवलं होतं तसं एक बाई जात्यावर बसायची आणि एक गोठ्यामागं चुलीपाशी. वीस ओव्या झाल्या की मडक्यावरचं तापलेलं पाणी काढून गार ओतायचं, म्हणजे आतल्या वाफेची धार होऊन नळीतून गाडग्यात पडते. दळण संपताना देवाच्या नावाची ओवी यायची. ती ऐकली की गाडगं काढून घ्यायचं, कारण त्यापुढं उतरतं ते नुसतं पाणी. शिवाय जात्याच्या घरघरीनं गावच्या कलालाला, ज्याच्याकडे दारूचा ठेका होता, वाटायचं की काय कष्टाळू घर आहे हे.

यंदा मात्र दारू बिघडून चालणार नव्हतं. वैशाखात तिच्या लेकीचं, जमुनाचं, लग्न झालं होतं. समुद्रापलीकडे कुठले गोरे आपसांत लढत होते, आणि त्यांच्या पुण्याईनं वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला होता की रुख्मिणीच्या नवऱ्यानं, रामरावांनी, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. बायकोचे कान होते तसेच राहिले. तेल्हाऱ्याचे व्याही भगवंतराव तर त्यांच्याहून वरचढ. हा गृहस्थ लग्नात रुख्मिणीची पहिल्या धारेची प्याला, बैलांच्या गव्हाणीत जाऊन निजला, वरातीच्या वेळी चौघांनी उचलून काढला, आणि शुद्धीवर येताच म्हणाला, "दारूत पानी घातलं. हा आमचा अपमान हाय."

पाणी पिऊन कुणी गव्हाणीत निजत नाही, पण वरपक्षाला हे सांगणार कोण? त्या रुसव्यापायी जमुना माहेरी आली ती तशीच राहिली. न्यायला कुणी येईना. पोरीचा नवऱ्यावर जीव जडलेला. रोज गाडीवाटेकडे डोळे लावून बसे. रुख्मिणीला ते पाहवत नसे.

अखेर माघात निरोप आला. अमरावतीला कापूस विकून परतताना भगवंतराव येणार, सोबत विहीण मनकर्णाबाई. पाहुणचार मनासारखा झाला तर सून नेणार. नाहीतर तेल्हाऱ्याला पोरींचा दुष्काळ नाही.

भट्टीच्या दिवशी जात्यावर एरवी जाऊ सुभद्रा बसे, पण ती वेचणीला गेली होती. म्हणून खुंटा जमुनाच्या हाती दिला, आणि तिथंच पाणी मुरलं.

सुरुवात झकास झाली.

कापसाचं बोंड, फुटे बाई पांढरंफेक
बापाजीच्या घरी, पाहुणी झाली लेक

गोठ्यामागं रुख्मिणी बोटांवर ओव्या मोजत होती. बारावीला नवऱ्याचं नाव आलं आणि जातं मंदावलं. तीच ओवी पुन्हा आली. मग नुसतीच घरघर. मग पुन्हा तीच, आणखी लांबवून. रुख्मिणी बिचारी ओवीची वाट पाहत राहिली, तोवर मडक्यावरचं पाणी आंघोळीजोगं तापलं आणि निम्मी वाफ सांध्यातून उडून गेली. पुढं तर कहरच. गाडीवाटेकडे बघता बघता पोरगी मूठ मूठ ज्वारी ओतत गेली. दळण संपेना, देवाची ओवी येईना, आणि गाडगं नळीखालीच राहिलं. शेवटी रुख्मिणीनं थेंब जिभेला लावला. मोहाचा वास होता, बाकी विहिरीची कृपा.

ती तरातरा जात्याशी गेली. "काहून वं, देव आठवला नाई का तुले?"

"माय, त्यायच्या नावाची ओवी आली का माह्यानं पुढं जाववतच नाई."

आता पोरीला मारावं की पोटाशी धरावं? रुख्मिणीला दोन्ही करावंसं वाटलं, पण तेवढ्यात फाट्यावर घुंगरं वाजली. नवा सडवा, म्हणजे भिजवलेली मोहफुलं, आंबायला दिवस लागतात, आणि व्याही तर दारात उतरले होते. गेल्या खेपेस खोटा आरोप होता. या खेपेस तो खरा ठरणार होता.

ओसरीवर रामरावांनी पेला भरला. भगवंतरावांनी तो रिचवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. दुसरा रिचवला. तिसऱ्यानंतर ते उठून उभे राहिले, आपल्या पायांकडे पाहिलं, आणि पाय जाग्यावर आहेत म्हटल्यावर त्यांची छाती फुगली.

"याले म्हंतात अस्सल," ते म्हणाले. "अस्सल दारूनं मानूस डोलत नाई. लग्नात पानी होतं, म्हून तं पडलो."

रामरावांनी खाली पाहिलं. गाडगं रिकामं झालं तरी व्याही ताठ उभे होते.

मनकर्णाबाईंनी रुख्मिणीला स्वयंपाकघरात गाठलं. "ईनबाई, अपमानाचं त्यायनं काढलं होतं, पन सुनीचा पाय म्या अडवला. ज्या घरची दारू मानसाले गव्हानीत निजवते, त्या घरची पोर आमच्या घरी आनखी काय शिकवंल, असं वाटलं. आज पयल्यांदा बुढा पिऊन उभा हाय. कशी पाडता वं हे?"

खरं सांगावं तर इज्जत जाते, नेहमीचीच आहे म्हणावं तर पोर अडते.

"माह्यानं नाई जमत," रुख्मिणी म्हणाली. "जात्यावर जमुना बसली तवाच अशी उतरते."

"मंग ठेवता कायले? बोळवनीची तयारी करा."

सकाळी ओटी भरली. जमुना गळ्यात पडली, तेव्हा रुख्मिणी तिच्या कानाशी म्हणाली, "आता नवरा जवळ असंल, म्हून त्याच्या नावाची ओवी घाईनं उरकू नोको. सासरा गव्हानीत जाईन."

जमुना रडता रडता हसली. गाडी फाट्यावर वळेपर्यंत रुख्मिणी दारात उभी होती. मग आत जाऊन ती जात्यापाशी बसली, आणि तिला एकही ओवी म्हणवेना.