तैस्तोच्या करवतमाश्या

उत्तरेकडच्या कुसामो गावाच्या दलदलीकाठी, विलोच्या एका बुटक्या झुडपावर तैस्तोला त्या अळ्या सापडल्या. पानाच्या कडेने रांगेत बसलेल्या, जरा धक्का लागला की सगळ्या मिळून शेपट्या वर करणाऱ्या. भिंग लावून त्याने पोटाखालचे पाय पाहिले. फुलपाखराच्या अळीपेक्षा जास्त होते, म्हणजे करवतमाशीच. पण कोणती, ते एकाही पुस्तकात जुळेना.

"माशी बाहेर आल्याशिवाय कळायचं नाही," तो बायकोला म्हणाला. "चल ना रौहा उद्या, त्यांना पानं आणू."

"डास फोडून काढतील मला. तूच जा."

दर उन्हाळ्यात तो विचारायचा, दर उन्हाळ्यात ती असंच काहीतरी सांगायची.

पुढे घरी आणून वाढवलेल्या अळ्या कुंड्यांतल्या मातीत शिरल्या आणि कोष विणून निजल्या. तैस्तोने कुंड्या अंगणात ठेवल्या, हिवाळाभर बर्फाखाली राहायला. जानेवारीत त्याच्या छातीत दुखू लागलं, औलू शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. त्यानंतर थंडी अशी पडली की घराची लाकडं तडकू लागली. बिचाऱ्या गोठून मरतील, असं वाटून रौहाने कुंड्या उकरून सौना या वाफेच्या न्हाणीघराशेजारच्या उबदार खोलीत नेल्या.

तो घरी आला तेव्हा मातीत नुसते रिकामे कोष होते.

"ऊब लागून माश्या आधीच निघाल्या होत्या?"

"काचेवर बारीक काळं काहीतरी फिरत होतं. मी खिडकी उघडून सोडून दिलं."

"बर्फात?"

रौहाने खिडकीकडे पाहिलं.

"पाय कसे होते? पिवळे होते का?"

"पाहिलंच नाही रे मी."

"असू दे. उन्हाळ्यात पुन्हा शोधू," म्हणत त्याने कॉफी मागितली. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

उन्हाळ्याआधीच तैस्तो गेला.

जूनमध्ये त्याचा मित्र उन्तो दलदलीकडे निघाला, तेव्हा रौहा बूट घालून सोबत गेली. त्या विलोवर काही नव्हतं. दुसऱ्या झुडपावर थोड्या अळ्या तिलाच दिसल्या. त्या तिने वाढवल्या, कुंड्या बर्फात राहू दिल्या. पुढच्या मे महिन्यात माश्या निघाल्या.

उन्तोने भिंगाखाली पाहिलं. "ही सगळीकडे असते, रौहा. त्याची ती नाही."

तिने मान हलवली.

"तैस्तो म्हणायचा, रौहाची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. सोबत आली तर किती सापडेल," उन्तो म्हणाला.

"मला वाटायचं, अळ्यांचे डबे उचलायला कुणीतरी हवंय त्याला," रौहा म्हणाली आणि कुंडीतली माती उगाच सारखी करत बसली.