आम्लाला खो

हर्षिताच्या पायांना काही शिकवावं लागत नसे. चामराजपेटच्या मैदानावर खो-खोचा डाव लागला की ती तीन-तीन मिनिटं कुणाच्या हाती लागायची नाही. डोकं मात्र रसायनशास्त्र आलं की हमखास बाद. सेकंड पीयूचं, म्हणजे बारावीचं वर्ष. राज्य संघाच्या निवडीचा अर्ज भरून तयार होता, फक्त कॉलेजची सही राहिली होती. रसायनशास्त्राच्या सुखदा मॅडमनी सांगून टाकलं होतं, "शनिवारच्या चाचणीत सत्तरपैकी पस्तीस. चौतीस आले तरी सही नाही." मागच्या वेळी एकोणीस होते.

म्हणून बुधवारी तिने युक्ती काढली. रांगेत बसणाऱ्या आठ मुलींच्या पाठीवर आठ रासायनिक क्रियांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पळता पळता वाचायच्या, झालं. पहिली चिठ्ठी वाचायला ती जराशी थबकली आणि बाद झाली. दुसऱ्या डावात अकरा सेकंद टिकली.

"काय गं, पाठीवर कसले बाजारभाव लावलेत?" हंबीरराव अण्णांनी विचारलं. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज संध्याकाळी मुलींना खेळ शिकवत.

"अभ्यास आहे, अण्णा."

"हा अभ्यास नाही आणि खेळही नाही. स्वल्प बस, जरा दम घे. अडतंय कुठे ते सांग."

"अल्कोहोलपासून आल्डिहाइड होतं की आल्डिहाइडपासून अल्कोहोल? बाण कुठल्या बाजूला काढायचा तेच कळत नाही."

अण्णांना रसायनाचा गंध नव्हता. त्यांनी आर्याकडे पाहिलं. ती दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, संघातली हुशार.

"दोन्ही होतं, अण्णा. ऑक्सिडेशनने अल्कोहोलचं आल्डिहाइड, मग त्याचं आम्ल. रिडक्शनने तस्संच उलट. सिंपल आहे."

"तुला सिंपल," हर्षिता पुटपुटली.

"थांब," अण्णा म्हणाले. "पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की मधेच उलटं फिरता येतं?"

"छे, फाउल होतो," हर्षिता म्हणाली. "आधी खांब गाठायचा, मग वळायचं."

"सरी, ठीक आहे. मग तीन जणींना ही तीन नावं देऊन बसवा. वळायचं असेल तेव्हा आर्या खांबापाशी क्रिया बदलेल."

आर्या खांबापाशी उभी राहून ओरडायची, "ऑक्सिडेशन!" हर्षिता अल्कोहोलला खो द्यायची, अल्कोहोल आल्डिहाइडला, आल्डिहाइड आम्लाला. खांब आला की आर्या "रिडक्शन!" म्हणायची आणि सगळी वरात परत. आम्ल झालेली गंगव्वा कुरकुरली, "अक्का, अजून किती आंबवणार मला?" शुक्रवारपर्यंत रोज सराव संपल्यावर हा पंधरा मिनिटांचा खेळ चालला.

शनिवारी पेपर लिहिताना हर्षिता बाकाखाली पाय हलवत होती. तीन प्रश्न तिने पायांच्या जोरावर सोडवले. चौथ्यात घाई झाली.

दुपारी सुखदा मॅडमनी पेपर पुढे सरकवला. "छत्तीस. हा बाण बघ, मधेच उलटा फिरलाय."

"फाउल आहे, मॅडम."

मॅडमना काही कळलं नाही, पण सही झाली. "मार्चमध्ये बोर्डाचा पेपर मी तपासणार नाही, एवढं लक्षात ठेव."

तिथून ती धावतच मैदानावर आली. अण्णांनी सही नीट निरखली, अर्ज घडी घालून खिशात ठेवला. हर्षिता खाली बसून बूट चढवू लागली.

"भौतिकची चाचणी कधी आहे?"

"सोमवारी."

"मग इकडे काय करतेस?"

हर्षिताने एक बूट घातला होता, तोही काढला.