अळणी वर्ष

सकाळच्या बैठकीत गुणवंतनं आपला आकडा सांगितला, "तीनशे पासष्ट," आणि गोल करून बसलेल्या तेरा जणांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चांगल्या लांबल्या. त्या संपायच्या आत तो उठला, कुकर लावायचाय म्हणाला. कुकरला अजून दोन तास होते, पण त्याला बसवेना.

ही बैठक भरायची ते घर दिल्लीच्या द्वारकेत होतं. तेव्हाची द्वारका म्हणजे अर्धवट उभ्या राहिलेल्या सोसायट्या, वाळूचे ट्रक आणि दिवसभर उडणारी धूळ. राहती माणसं थोडी. तिथलं एक दुमजली घर इंद्रजितनं घेतलं होतं. इंद्रजित गाझियाबादचा, पूर्वीचा ट्रक ड्रायव्हर. नऊ वर्षांपूर्वी त्याची दारू सुटली आणि तेव्हापासून दारूनं नाहीतर स्मॅकनं रस्त्यावर आलेल्या माणसांना तो उचलून आणत होता. घरात डॉक्टर नाही, साहेब नाही. आधी सावरला त्यानं मागून आलेल्याला धरायचं, एवढीच रीत. रोज सकाळी प्रत्येकानं आपले दिवस मोठ्यानं सांगायचे. आणि एक नियम फार कडक होता. मध्येच कुणाचा पाय घसरला तर मोजणी पुन्हा एकपासून, पण ती प्यायल्या दिवसापासून नाही, कबूल केल्या दिवसापासून. "जिस दिन बताया, उस दिन एक," इंद्रजित प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. कुणी लपवू नये म्हणून केलेला नियम होता तो. पण ज्यानं एकदा लपवलं, त्याच्यासाठी तो रोज थोडा थोडा आवळत जायचा.

गुणवंतभोवती तो एकशे एकसष्ट दिवस आवळत होता.

दोनशे चौथा दिवस, श्रावणातला. घराचा स्वयंपाक त्याच्याकडे, म्हणून भाजी आणायला तो नजफगढला गेला होता. मनात दुःख नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. काम लवकर आटोपलं, हाताशी तासभर वेळ उरला आणि समोर दारूचा ठेका होता. एक पव्वा, बस्स. घरी आला तो थेट शेगडीपाशी गेला आणि डाळीला लसणाची अशी खमंग फोडणी दिली, की त्याच्या तोंडाचा वास कुणापर्यंत पोचलाच नाही. सगळ्यांनी डाळ वाखाणली. त्यानंतर आजतागायत थेंब नाही. पण दुसऱ्या दिवशी 'एक' म्हणायचं ते तोंडातून 'दोनशे पाच' निघालं, आणि निघालं ते निघालंच.

त्याचं कारण ताई. म्हणजे कारण तो स्वतःच होता, पण जीभ अडली ती ताईपाशी.

पद्मजाताई लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. तिचे यजमान राजाभाऊ मंत्रालयात अधिकारी. गुणवंत त्याच कचेऱ्यांमधले टाइपरायटर दुरुस्त करायचा. मग कॉम्प्युटर आले, आणि दोन-अडीच वर्षांत एकेक कंत्राट गेलं. आधी पीत नव्हता असं नाही. पण पुढे तेवढंच एक काम उरलं. लग्न मोडलं, खोली सुटली. शेवटी तो सरोजिनी नगरच्या बाजारामागे कपड्यांच्या रिकाम्या खोक्यांवर झोपायला लागला. ताई रोज त्याच वाटेनं विनायकाच्या देवळात जायची. तो दिसला की थांबायची, उशाशी केळं ठेवायची आणि पुढे जायची. बोलली काहीच नाही. पण इंद्रजितनं त्याला इथे आणलं त्या संध्याकाळी तिनं देवापुढे पाणी सोडलं: माझ्या भावाचं वर्ष निर्मळ जाईपर्यंत मी मीठ खाणार नाही. साधं नाही, सैंधवही नाही.

बारा महिने तिनं अळणी खाल्लं. गणपतीत, दिवाळीत, लोकांच्या लग्नांत. महिन्यातून एकदा भेटायला यायची तेव्हा दर खेपेला तिचे गाल थोडे आत गेलेले दिसायचे. इथे गुणवंत रोज दोन्ही वेळा चौदा माणसांच्या डाळीत मीठ टाकायचा, आणि मुठीतलं मीठ त्याला चुरचुरायचं.

आज उद्यापन. मेहुणं जेवायला घालायची ती तिनं घातली नाहीत. म्हणाली, ज्यांच्यात माझा भाऊ उभा राहिला त्या चौदा जणांना वाढीन, आणि वर्षाचं पहिलं मीठ गुणाच्या हातून घेईन. राजाभाऊंनी मागची खोली रिकामी करून त्यात नवी खाट टाकली होती. जेवण झालं की गुणवंतला गाडीत घालून न्यायचं, असं ठरलं होतं.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या पायाला कसली विश्रांती. तो तीनदा फाटकापर्यंत जाऊन आला. धुतलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. बटाटे चिरले, आणि चिरलेलेच आणखी बारीक चिरत बसला. हाताखाली शंकर होता, चाळिशीचा, जुन्या दिल्लीच्या स्टेशनवर आयुष्य काढलेला, घरात येऊन बारा दिवस झालेला.

"गुरुजी, भगोने का पेंदा निकल जाएगा," तो म्हणाला. मग जरा वेळानं, धीर करून, त्यानं विचारलं, दोनशे दिवसांनंतर तरी सोपं होतं का हो?

गुणवंतनं पुढचा बटाटा उचलला. शंकर उत्तराची वाट पाहत राहिला. बारा दिवसांचा माणूस, त्याला कशाला तरी धरून ठेवायचं होतं. आणि धरायला समोर हाच होता.

बाराच्या सुमारास मारुती फाटकाशी आली. ताई उतरली, हिरवी साडी, हातात पुरणपोळ्यांचा डबा. गुणवंतच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. वाळलास, एवढंच म्हणाली, स्वतःकडे न बघता. राजाभाऊ मोकळेपणानं इंद्रजितशी हात मिळवत होते, खाट कशी मजबूत निघाली ते सांगत होते.

अंगणात माघातलं ऊन होतं. सतरंज्या घातल्या, पत्रावळी मांडल्या. ताई ओळीच्या टोकाला बसली. आता आपल्याकडे पान वाढायला घेतात ते मिठापासून, ताटाच्या वरच्या टोकाला चिमूटभर. ही रीत गुणवंतनं घरात वर्षभर पाळली होती, आणि बाकीचे वर्षभर तिला हसत आले होते. आजही कुणीतरी म्हणालंच, "लो जी, आ गई मराठी दावत, पहले नमक." गुणवंत वाटी घेऊन निघाला. इंद्रजितच्या पानावर मीठ, राजाभाऊंच्या पानावर मीठ, शंकरच्या, ओळीनं सगळ्यांच्या. शेवटी ताईचं पान.

तिनं हात जोडले होते, डोळे मिटले होते. ओठ हलत होते. विनायकाला सांगत असणार, झालं म्हणून.

गुणवंत वाकला. चिमूट भरलेली होती. बोटं उघडेनात.

"गुणा, वाढ की," ती डोळे न उघडता म्हणाली.

"ताई, वर्ष नाही झालं."

तिनं डोळे उघडले.

मग त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. आधी मराठीत तिला, मग हिंदीत सगळ्यांना. श्रावणातला दिवस, नजफगढ, पव्वा, लसणाची फोडणी. रोज सकाळी मोजलेला खोटा आकडा. सांगताना हातातली वाटी कधी कलली ते त्याला कळलं नाही, मीठ सतरंजीवर सांडत होतं.

पहिल्यांदा बोलले राजाभाऊ. आवाज चढवला नाही त्यांनी, तेच जास्त लागलं. "म्हणजे फाइलवर एक आणि प्रत्यक्षात एक. वर्षभर ही बाई पाण्यासारखी आमटी खातेय, आणि तू इथे टाळ्या घेतोयस. अच्छा. पद्मजा, उठ. खोलीला आज कुलूप लागेल."

ताई उठली नाही. तिनं विचारलं, "कुठला वार होता?"

"सोमवार."

"सोमवारी माझा निर्जळी उपास असतो," ती म्हणाली. जणू त्या दिवसापाशी परत जाऊन ती काहीतरी तपासून पाहत होती.

इंद्रजितनं पानावरून हात उचलला होता. त्यानं शांतपणे विचारलं, गुणवंतजी, नियम माहीत आहे ना? गुणवंतनं मान हलवली. स्वयंपाकघर सुटणार. झोपायला दारालगतची चटई. तीस दिवस फाटकाबाहेर पाऊल नाही, भेटायला कुणी नाही. शंकर तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होता, आणि सगळ्यांत कठीण ते बघणंच होतं.

गुणवंत ताईच्या पानापुढे खाली बसला. वाटी मध्ये ठेवली.

"तू मीठ खा," तो म्हणाला. "ताई, पाया पडतो, पुन्हा पाणी सोडू नकोस. तुझ्या अळणीची मला इतकी भीती बसली, की खरं बोलायची ताकद राहिली नाही. चूक तुझी नाही, माझीच आहे. पण ह्या खेपेला माझं मला एकट्याला करू दे."

तिनं त्या वाटीकडे पाहिलं. कधी नव्हे ते तिचे डोळे भरले होते, पण पाणी खाली आलं नाही. मग तिनं वाटी हळूच बाजूला सरकवली.

"नुसता दूधभात दे मला," ती म्हणाली. "आज उद्यापन नाही. पण ही माणसं पानावर बसलीत, त्यांना उपाशी उठवू नकोस. वाढ."

त्यानं वाढलं. आमटी, भाजी, पुरणपोळी, सगळं. सगळे जेवले. राजाभाऊ गाडीत जाऊन बसले होते. ताईनं त्यांच्या पानावरचं डब्यात भरून घेतलं. जाताना फाटकाशी थांबून ती म्हणाली, "तिसाव्या दिवशी येते. मीठ खाऊन येते की न खाता, ते मात्र विचारायचं नाही. ते माझं आणि विनायकाचं. तुझं तू बघ."

गाडी धुळीत दिसेनाशी झाली. त्या दिवशी गुणवंतला कुणी काही टोचून बोललं नाही, आणि कुणी जवळही आलं नाही. तो अंगणातलं सांडलेलं मीठ झाडत राहिला, झाडून झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत त्याची जागा सगळ्यांच्या शेवटी, दाराला लागून होती. चटईवर त्याचा डोळा लागला नव्हता. शंकर म्हणाला, "तेरह." ओळ सरकत सरकत त्याच्यापर्यंत आली. त्यानं काल सांगितलेला दिवस धरून आकडा सांगितला.

"दोन."

टाळ्या वाजल्या नाहीत. दोनाला वाजवत नाहीत. इंद्रजितनं वहीत लिहिलं आणि पुढच्या कामाची वाटणी सुरू केली. स्वयंपाकघर शंकरकडे गेलं.

थोड्या वेळानं आतून डाळीचा वास आला आणि मग शंकरचा आवाज. चौदा माणसांना मीठ किती मुठी, तो विचारत होता. उत्तर कोण देणार, हे कुणी ठरवलं नव्हतं. दोन दिवसांच्या माणसाला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची मुभा नव्हती.

गुणवंत उठला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"दीड," तो म्हणाला. "पण एकदम टाकू नकोस. एक टाक, चाख, मग अर्धी."