हलायचं नाही

हरवलेल्याने जागचं हलायचं नाही, हा सरांचा आणि बाईंचा नियम. नवरा-बायको दोघांनी उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला, पोरांच्या सहली नेल्या आणि प्रत्येक सहलीआधी हेच बजावलं, की जिथे आहात तिथेच बसा, शोधायला आम्ही येतो. नियम चांगलाच हो! पण हरवलेला कोण आणि शोधणारा कोण, हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न या दोन शहाण्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

टेकडीवरचा किल्ला बघून दोघं खालच्या जुन्या वस्तीत उतरली. सर पुढे, बाई मागे, नेहमीसारखं. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटावं. एका शिंपिणीच्या दारात बटणांच्या बरण्या बघायला बाई रेंगाळल्या, आणि मान वर करतात तो सर गायब.

"घ्या! आता येतील शोधत, आणि वर मलाच बोलतील," असं पुटपुटत त्या समोरच्या ओट्यावर बसल्या. हरवल्या त्या, तेव्हा बसायचं काम त्यांचं. पाय दुखतच होते, बरंच झालं.

ऊन ओट्यावरून भिंतीवर चढलं. सरांचा पत्ता नाही. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून बाईंनी पर्स उघडली, तर आत सरांचा मोबाइल आणि त्याच्याखाली त्यांची साखरेची डबी.

दुपारी या माणसाने इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि किल्ल्याच्या घाईत जेवणाची नुसती चिवडाचिवड केली होती. साखर उतरली की सर आधी गप्प होतात, मग घामाघूम, आणि मागे तर बाथरूममध्ये कोसळलेच होते. तेव्हा निदान घर होतं. इथे कोण आहे त्यांना?

म्हणजे तेही बसलेत! स्वतःला हरवलेलं समजून, माझी वाट बघत, कुठेतरी!

बाई ताडकन उठल्या आणि तशाच थबकल्या. आपण निघालो आणि ते इकडे आले तर? समोरच्या शिंपिणीला त्यांनी ओट्यावरूनच भराभर सगळं सांगितलं.

शिंपीण मशीन थांबवून बाहेर आली. "तुम्ही जा. ते आले तर मी बसवून ठेवते. कसे दिसतात?"

"पांढरी टोपी, हातात छत्री, आणि चूक तुमचीच असं तोंड."

बाई उताराने धावत सुटल्या. "अहो! अहो!" पण अहो म्हटल्यावर कोण कुणाचा नवरा वळणार? एका म्हाताऱ्याने खिडकीतून डोकावलं, बस्स. पुढे गल्लीला दोन फाटे. मग त्यांनी संसारात पहिल्यांदाच नवऱ्याला नावाने हाक मारली, पुन्हा पुन्हा, घसा फाटेस्तोवर.

उत्तर आलं नाही. पण डावीकडे दगडावर काहीतरी खडखडलं.

बंद गोदामाच्या पायरीवर सर बसले होते. छत्री हातातून पडलेली, सदरा भिजून अंगाला चिकटलेला, नजर कुठेतरी भलतीकडे. बाईंनी डबी उघडली, अर्धी साखर सांडली, उरलेली चिमटीचिमटीने त्यांच्या गालात सारली. "गिळा. गिळा हो. माझ्याकडे बघा." सर हळूहळू गिळत होते. बाई मोठ्याने रडत होत्या, आणि कोण बघतंय याची त्यांना पर्वा नव्हती.

बऱ्याच वेळाने सरांची नजर ठिकाणावर आली.

"मी हललो नाही हं," ते म्हणाले. शहाण्या मुलासारखं, शाबासकीच्या आशेने.

"चुलीत गेला तो नियम!" बाई कडाडल्या. "यापुढे मी दिसले नाही की बोंबलत सुटायचं. कळलं?"

सरांनी मान डोलावली. बाईंचे हात अजून इतके कापत होते, की डबीचं झाकण काही केल्या बसेना. शेवटी ते सरांनीच लावलं.