उंबऱ्यावरची धुनी

चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रातली एक साधी दुपार. पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यात बायनाबाई उंबऱ्यासमोर मातीच्या परळात निखारे फुलवत बसली होती. वर टाकायला राळ, कडुनिंबाचा पाला आणि सुक्या मिरच्या तयार होत्या. नात चंद्रपूरच्या दवाखान्यातून येणार होती, आणि दवाखान्यातून आलेल्या लेकराला धुनी दिल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, ही गावाची रीत. तिथं माणसं मरतात, त्यांची बाधा लेकराच्या मागं येते म्हणे! म्हातारीचा नातीवर फार जीव होता, हेच तर दुखणं.

मंजुळा नऊ वर्षांची, दम्याची. भरती व्हायची, बरी होऊन घरी यायची, आणि आठवडा लोटत नाही तोच पुन्हा धाप. "दवाखान्यातच काई दम नाई," असं गाव म्हणे. तिची आई कांता आताशा रडतही नसे. ताट, तांब्या, पोरीचं पांघरूण पिशवीत कोंबून मुकाट एसटीत बसायची.

डॉक्टर दर खेपेला विचारत, "घरात धूर होतो का?" कांता खरं तेच सांगे. नाही होत. चूल बाहेर मांडवात नेली होती. नवऱ्यानं, श्रावणनं, बिडी सोडली होती.

या खेपेला घरी सोडायच्या सकाळी डॉक्टर मंजुळेच्या छातीला नळी लावून म्हणाले, "खोल श्वास घे, बाळ."

पोरीनं तोंड गच्च मिटलं. "इथी कायले खोल घेऊ? धुनी तं नाई."

"कसली धुनी?"

"मिरचीची. घरी गेली का आजी देते. खोल घे म्हणते. खोकली का बाधा निंगाली."

डॉक्टरांनी कांताकडं पाहिलं. "बाई, मी धुराचंच विचारत होतो ना?"

"तो धूर नोहे, साहेब. ते तं देवाचं..." कांता मध्येच थांबली. पोरीला धुनीपुढं दाबून धरणारे हात तिचेच होते.

एसटीत कंडक्टरनं दोनदा हटकलं तेव्हा कुठं तिनं तिकीट काढलं.

दारात बायनाबाईनं मिरच्या उचलल्या. कांतानं पाण्याची घागर घेतली आणि निखाऱ्यांवर ओतली.

"येड लागलं काय वं तुले!" म्हातारी ओरडली. "देव कोपन ना पोट्टीवर!"

"माह्यावर कोपू द्या, आत्याबाई. पोरीवर तं आजवर आपुनच कोपलो."

"कांते, मायचं आयकून घे," श्रावण हळूच म्हणाला. "लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या."

मंजुळा मात्र उंबऱ्याबाहेरच उभी होती. "धुनीबिगर आत गेली तं आजी मरन का, माय?"

धुनीला बसावी म्हणून पोरीला हे म्हातारीनंच सांगितलं होतं. मुठीतल्या मिरच्या तिनं अंगणात टाकून दिल्या.

"नाई मरत वं," ती म्हणाली. "जाय आत."

कुंपणापाशी जमलेल्या बाया बडबडत आपापल्या घरी गेल्या. त्याच संध्याकाळी, चार घरं सोडून, दुसऱ्या एका खोकणाऱ्या लेकराला त्याच्या आईनं मांडीवर घट्ट धरलं आणि परळात मिरच्या पडल्या. त्या आईचाही लेकरावर जीवच आहे, वाचकहो. तिच्या दारात कोण जाऊन उभं राहणार?